आपण पितो त्याचाही हिशेब : वजन आणि आरोग्य सांभाळून पेये कशी निवडावीत

वजन वाढल्याची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी दिवसभरात काय खाता असे विचारले, की तो दोन भाकऱ्या, वाटीभर भात, आमटी, भाजी असे सगळे प्रामाणिकपणे सांगतो. मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत घेतलेला पाच-सहा कप चहा, दुपारी गाड्यावर प्यालेला उसाचा रस आणि लग्नघरी हातात आलेली थंड्याची बाटली त्या यादीत येत नाही. यात लपवाछपवी नसते. पिणे हे आपल्या लेखी खाणे नसतेच. उपवासाच्या दिवशीसुद्धा आपण ‘सकाळपासून काही खाल्लेले नाही, नुसता चहा घेतलाय’ असे म्हणतो, आणि त्या ‘नुसत्या’ शब्दातच सगळा हिशेब बुडतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत आपण जे पितो, तेच समोर ठेवून हा हिशेब कसा मांडावा आणि त्यात कोणते बदल करावेत, हे पुढे सांगितले आहे.

पोटाला न कळणारे अन्न

घन अन्न चावावे लागते, ते पोटात काही काळ राहते, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो; गोड पेय मात्र काही घोटांत संपते, पोटातून लवकर पुढे सरकते आणि त्याची नोंद भूक नीटपणे घेत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात हे फार स्पष्ट दिसले. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या साखरेच्या गोळ्या खायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरींचे गोड सोडापेय प्यायला दिले. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्या माणसांनी नकळत बाकीचे जेवण तेवढे कमी केले. पेय प्याले तेव्हा जेवण काहीच कमी झाले नाही आणि वजन वाढले. पंधरा माणसांचा प्रयोग लहान आहे हे खरे. पण जेवणाआधी एक लाडू खाल्ला तर भूक मरते आणि एक ग्लास सरबत प्यालो तर मरत नाही, हा आपल्या घरातला अनुभवही तेच सांगतो.

साखरेच्या दर ग्रॅममागे ४ कॅलरी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचे रस यांतून मिळणारी एकूण साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत असा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शनातही साखर सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवण्याकडेच कल आहे. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी हा २५ ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवावा.

आधी आठ दिवस लिहून काढा

पहिल्याच दिवशी काहीही सोडू नका. एक जुनी वही स्वयंपाकघरात ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने आठ दिवस, पाणी सोडून जे जे पोटात गेले ते सगळे, वेळ आणि माप यांसह लिहावे. दुकानावर, शेजारी, कचेरीत, एसटीची वाट पाहताना घेतलेला चहाही लिहावा, कारण नेमका तोच विसरला जातो.

माप घेताना चमच्याची फसगत होते, हे आधी समजून घ्या. आकडेवारीतला ‘चमचा’ म्हणजे ५ ग्रॅम साखरेचा छोटा, सपाट चमचा. आपण मात्र डब्यात बहुधा पोह्यांचा चमचा ठेवतो आणि तो शीग लावून भरतो. आमच्या घरी मी असे दहा चमचे भरून छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले, तेव्हा काटा ८३ ग्रॅमवर थांबला. म्हणजे ‘मी फक्त दोनच चमचे घेते’ असे आई वर्षानुवर्षे सांगत होती ते खरेच होते. फक्त ते दोन चमचे दहा ग्रॅमचे नसून सोळा-सतरा ग्रॅमचे होते. आपल्या घरचा चमचा एकदा असा तोलून घ्या. घरी काटा नसेल तर किराणा दुकानदार दोन मिनिटांत तोलून देतो.

ज्यांना वही लिहिणे जमणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. साखरेचे एक किलोचे पाकीट फोडले की त्यावर तारीख लिहायची आणि संपले की दिवस मोजायचे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम साखर झाली. आणि त्यात बाहेरचा चहा, बिस्किटे, कुंदा, करदंट, लग्नातली जिलेबी यांतले काहीच धरलेले नाही.

चहा : सर्वांत मोठी गळती इथेच आहे

आपल्याकडची हवा चहाला पोषक आहे. जून ते सप्टेंबर खानापूरकडे पाऊस उघडत नाही, डिसेंबरात सकाळी गारठा असतो, आणि शहापूर-वडगावातल्या विणकरांच्या घरी मागाच्या खडखडाटात किटली दिवसभर फिरत असते. म्हणून चहा सोडा असा सल्ला देण्यात काही अर्थ नाही. तो कोणी पाळत नाही, आणि पाळण्याची गरजही नाही. चहाच्या पानांत कॅलरी जवळजवळ नसतात. वजन वाढते ते साखर आणि दूध यांच्यामुळे.

एका कपात पन्नास मिलिलिटर म्हशीचे दूध धरले तर त्याच्या सुमारे ५० कॅलरी होतात, आणि दोन छोटे चमचे साखरेच्या ४०. कपाला ९० झाल्या, तर दिवसाच्या पाच कपांच्या ४५० होतात. वरच्या प्रयोगात रोज दिलेले गोड पेयही तेवढेच होते. कॅलरींच्या भाषेत या दोन चांगल्या ज्वारीच्या भाकऱ्या आहेत, पण भाकरीने जे पोट भरले असते ते यात भरत नाही. साखर मोजली तर ती ५० ग्रॅम झाली, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट, आणि तीही जेवणाच्या ताटाबाहेरच.

बदल करताना कपांची संख्या आणि साखर या दोन्हींना एकदम हात लावू नये. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक कपातली साखर अर्धा चमचा कमी करावी, पुढच्या पंधरवड्यात आणखी अर्धा. जिभेला कमी गोडाची सवय काही आठवड्यांत लागते. त्यानंतर पूर्वीचा चहा पाकासारखा लागू लागतो. या काळात आले, गवती चहा किंवा वेलची थोडी वाढवली तर गोडाची उणीव कमी भासते. घरातल्या चारांसाठी एकाच पातेल्यात साखर घालून उकळण्याची पद्धत मात्र बंद करावी, कारण त्यात मधुमेही आजोबा आणि शाळकरी नातू दोघांनाही एकच माप मिळते. चहा बिनसाखरेचा करावा आणि ज्याने त्याने मोजून साखर घालावी.

दुधाचेही तसेच. पाकिटावर फॅटचे प्रमाण छापलेले असते : टोण्ड दुधात ३ टक्के, स्टँडर्ड दुधात ४.५ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के. चहापुरते टोण्ड दूध वापरले आणि साखर एका छोट्या चमच्यावर आणली, तर ९० कॅलरींचा कप ५० वर येतो. पाच कपांमागे रोज २०० कॅलरी वाचतात, म्हणजे महिन्याला ६०००. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, हे पाहता फायदा किती मोठा आहे ते कळते. मात्र वजन उतरू लागले की शरीरही आपला खर्च थोडा आटपते, त्यामुळे कागदावरचा हिशेब वजनकाट्यावर तंतोतंत उतरत नाही, आणि पहिल्या महिन्यात तसे झाले नाही म्हणून धीर सोडू नये.

बाहेर चहा घेताना हॉटेलात ‘बाय-टू’ सांगण्याची आपल्याकडची पद्धत फार उपयोगाची आहे. दोघांत एक चहा घेतला की सोबतही होते आणि मापही अर्धे राहते. खरी अडचण असते पाहुणचाराची. एखाद्या गल्लीतून चार घरे फिरून यायचे म्हटले, की चारही घरी ‘अर्धा तरी घ्या की’ असा आग्रह होतो, आणि नको म्हटले तर वहिनींचे तोंड खरोखरच उतरते. अशा वेळी ‘नको’ म्हणण्याऐवजी दुसरे काहीतरी मागून घ्यावे : ‘वहिनी, चहा आताच झालाय, थोडं ताक असेल तर द्या.’ पूर्वी पाहुणा आला की आधी गूळ-पाणी दिले जाई. सुपारीएवढा गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी यांत वीस-पंचवीस कॅलरी असतात आणि मानही राखला जातो. ही रीत पुन्हा सुरू करण्यासारखी आहे.

गुळाचा उल्लेख झाला म्हणून एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या आता जागोजागी दिसतात, आणि तो चहा साखर न वाढवणारा समजून मधुमेही माणसे दोन-दोन कप घेतात. गुळाला चव वेगळी आहे, त्यात थोडी खनिजेही आहेत. पण त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि कॅलरीही जवळपास तेवढ्याच असतात. कोमट पाण्यातल्या लिंबू-मधाचेही तेच आहे. त्याने चरबी वितळत नाही. चमचाभर मधाच्या वीसेक कॅलरी तेवढ्या वाढतात.

वजनाशी संबंध नसला तरी चहाची वेळ महत्त्वाची आहे. चहातले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही, म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळावी असे २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. रक्त कमी असलेल्या मुली आणि लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर स्त्रिया यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. गोळी चहासोबत घेऊ नये.

ऊस, थंडा आणि ‘फळांचे’ रस

ज्या जिल्ह्यात चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीपर्यंत नजर जाईल तिथे ऊस उभा आहे, तिथे उसाच्या रसाबद्दल सावधगिरीचे बोलणे जड जाते. शेतकऱ्याच्या घरी तो प्रेमाने दिला जातो, आणि तो ताजा, नैसर्गिक आहे यात वाद नाही. पण त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये १३ ते १५ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या एका पेल्यात ३२ ते ३८ ग्रॅम. दिवसाची मर्यादा एकाच पेल्यात ओलांडली जाते. गाड्यावरचा माणूस कांडी दुमडून तीन-चार वेळा चरकातून काढतो, शेवटच्या फेरीत आले-लिंबू घालतो, आणि ज्या उसाला दातांनी सोलून चघळायला अर्धा तास लागला असता तो आपण मिनिटभरात पिऊन टाकतो. म्हणून बांधावर बसून एक-दोन कांड्या खाव्यात आणि रस प्यायचाच असेल तर आठवड्यातून एखादे वेळी अर्धा पेला घ्यावा. दिवसभर लावणीत वाकलेल्या माणसाला तो मानवतो. गल्ल्यावर बसून राहणाऱ्याला नाही. मधुमेह्याने तो टाळावा हेच बरे.

कोलासारख्या थंड्यात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच छोटे चमचे. आंब्याच्या बाटलीबंद पेयांतही साखर त्याच्याच आसपास असते. लेबल वाचताना एकच खबरदारी घ्यायची : आकडा बहुधा १०० मिलिलिटरचा छापलेला असतो, बाटली मात्र ६०० मिलिलिटरची असते. ‘शुगर’पुढचा आकडा सहाने गुणावा आणि पाचाने भागावा, जे येईल तेवढे छोटे चमचे साखर त्या बाटलीत आहे. हे गणित सहावीतल्या मुलाकडून करून घ्या. आपण दहा वेळा सांगितलेले ते ऐकणार नाही, पण स्वतः काढलेला तेरा चमच्यांचा आकडा विसरणार नाही.

अशा साखरेत अर्धा भाग फ्रुक्टोजचा असतो. तो मुख्यतः यकृतात वापरला जातो, आणि रोज भरपूर आला तर त्यातून चरबी तयार होते. यकृतावर चरबी साठणे, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स आणि युरिक ॲसिड वाढणे यांचा संबंध तिथे आहे. दात किडतात ते वेगळेच.

मुलांच्या दुधात घालायच्या भुकट्यांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये त्या नावाखालून काढण्यास सांगितले. मागे घरातल्या एका लहान मुलाला जुलाब झाले असताना आम्हाला एका दुकानातून ‘ओआरएस’ म्हणून फळाच्या चवीचे गोड पेय मिळाले होते, आणि ते दोन बाटल्या पाजूनही मूल मलूलच राहिले. खऱ्या ओआरएसच्या पुडीत एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेल्या प्रमाणात क्षार असतात. जास्त साखरेने जुलाब उलट वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ पासून त्या सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास बंदी आहे, तरी पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच ती घ्यावी.

साखर नसलेली ‘डाएट’ पेये थंड्याची सवय सोडताना काही दिवस आधार देतात, पण वजन ताब्यात ठेवण्याचा उपाय म्हणून कृत्रिम गोडी वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले आहे. मधुमेह असलेल्यांसाठी ती सूचना नव्हती.

मग काय प्यावे

एक वाटी दही, तीन वाट्या पाणी, रवीने घुसळून त्यात ठेचलेले आले, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि कोथिंबीर. अशा पातळ ताकाच्या पेल्यात ४० कॅलरींच्या आसपास असतात आणि दुपारच्या चहाची जागा ते सहज घेते. मीठ चिमूटभरच घालावे, कारण दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे असते आणि आपल्या लोणच्या-चटण्यांत त्यातले बरेचसे आधीच संपलेले असते.

नाचणीची आंबील ही तर आपल्या डोंगरपट्ट्याची खरी देणगी आहे. रात्री पंचवीस ग्रॅम पीठ पाण्यात कालवून ठेवावे, सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून गुठळ्या न होऊ देता शिजवावे, गार झाल्यावर ताक, जिरे, लसूण घालावे. तिच्यात कॅल्शियम चांगले असते आणि ती पोटाला आधार देते; मात्र ती पेल्यातून घेतली तरी अन्न आहे, म्हणून ती नाश्त्याच्या जागी घ्यावी, नाश्त्यानंतर नव्हे.

कोकम घेताना आगळ आणि सरबत यांतला फरक पाहावा. सरबत पाकात केलेले असते. आगळात साखर नसते, पण मीठ असते. दोन चमचे आगळ पेलाभर पाण्यात पुरते. सोलकढीत नारळाचे दूध असल्याने ती हलकी समजून वाट्यावर वाट्या पिऊ नयेत. शहाळ्याचे पाणी १०० मिलिलिटरला वीसेक कॅलरींचे असते आणि उन्हाळ्यात उत्तम.

आणि पाणी. साधारणपणे दिवसाला दोन लिटरच्या आसपास, उन्हात कष्ट असतील तर बरेच जास्त; लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. बऱ्याचदा तहान लागलेली असते आणि आपण चहा टाकतो. आधी एक तांब्या पाणी प्यावे, दहा मिनिटे थांबावे, मगच पातेले चढवावे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळूनच घ्यावे.

दारूबद्दल थोडक्यात सांगतो. मद्यार्काच्या दर ग्रॅममागे ७ कॅलरी असतात. ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १४० कॅलरी होतात, आणि शरीर आधी मद्यार्क जाळत बसते, तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. सोबतची चकली-शेंगदाणे वेगळी. मद्यार्क कर्करोगकारक आहे, आणि आरोग्याला सुरक्षित असे त्याचे कोणतेही प्रमाण नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. थोडी घेतली तर हृदयाला बरी, या समजुतीवर कोणी विसंबू नये.

कोणत्या माणसांनी आपल्या मनाने बदल करू नये

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. हृदयविकारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांना वरचा दोन लिटरचा आकडा लागू नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम फुटला, हात कापू लागले, गोंधळल्यासारखे झाले, तर तेव्हा साखर हेच औषध असते : तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासावी आणि कमीच असेल तर पुन्हा द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. घरातली साखर कमी करताना अशा माणसासाठी वाटीभर साखर हाताशी ठेवलेलीच असावी.

बदल सुरू करण्याच्या दिवशी वजन आणि कंबर दोन्ही त्याच वहीत लिहावे. वजन सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, नेहमी एकाच काट्यावर करावे. कंबर शिंप्याच्या टेपने, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजावी. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची सीमा मानतात. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा मोजावे, आणि आकडा हलला नसेल तर आठ दिवसांची नोंद पहिल्यापासून पुन्हा करावी. बहुतेक वेळा त्यात न लिहिलेले दोन कप सापडतात.